मृताची पार्श्वभूमी

पोलिसांच्या गोळीने कुणी मेलं, तर त्याची पार्श्वभूमी सापडल्याशिवाय बातमी छापायची नाही, असा त्या दैनिकाचा नियम होता. नियम कुठे लिहिलेला नव्हता, म्हणूनच तो आजवर कधी मोडला गेला नव्हता. गोळी का झाडली, कशी झाडली, हे पोलिसांचं प्रसिद्धिपत्रक सांगतच असे, आणि ते जसंच्या तसं छापण्याइतका दैनिकाचा पोलिसांवर विश्वास होता. मृताची बाजू मात्र समजू शकत नसे. तशी प्रामाणिक कबुलीही बातमीच्या शेवटी दिलेली असायची: मृताशी संपर्क होऊ शकला नाही. ही उणीव भरून काढायला बातमीशेजारी एक चौकट असे. मृत आयुष्यभर काय काय करत आला होता, ते त्या चौकटीत थोडक्यात यायचं. वाचक आधी चौकट वाचत. बरेच जण फक्त चौकटच वाचत.

चौकट भरणारा उपसंपादक एकच होता. कचेरीत सगळे त्याला 'पुरातत्त्व' म्हणत, कारण मेलेल्या माणसाखालची जमीन त्याच्याइतकी कुणाला खणता येत नव्हती. एका माळ्याला गोळी लागली, तेव्हा 'धारदार अवजारांशी मृताचा दैनंदिन संबंध होता' हे वाक्य त्याला चहा निवायच्या आत सुचलं होतं. एका निवृत्त शिक्षकाने मात्र त्याचा घाम काढला. त्या माणसाने ना कुणाशी भांडण केलं होतं, ना कर चुकवला होता, ना कधी रांग मोडली होती. दिवसभर डोकं खाजवून शेवटी पुरातत्त्वाने लिहिलं, 'मृताविरुद्ध आजवर एकही तक्रार कशी नाही, हा प्रश्न तपासयंत्रणांना सतावत आहे.' संपादक स्वतः खुर्चीतून उठून त्याच्या टेबलापाशी आले आणि त्यांनी त्याची पाठ थोपटली. त्यांच्या खुर्चीतून उठण्याला कचेरीत फार मान होता.

गोळी झाडणाऱ्या अधिकाऱ्याची पार्श्वभूमी आपण का देत नाही, असं एका नवख्या वार्ताहराने एकदा भर बैठकीत विचारलं होतं. त्याला शांतपणे समजावण्यात आलं की अधिकाऱ्याची चौकशी चालू असते, आणि चालू चौकशीवर परिणाम होईल असं काही छापणं बेजबाबदारपणाचं आहे. मृताचं तसं नसतं. वार्ताहराला ते पटलं. पुढे त्याला हवामानाचं पान देण्यात आलं आणि तिथे तो रमला.

फोटोचीही एक पद्धत होती. मृताचा हसरा फोटो छापायचा नाही, कारण त्याने वाचकांचा कल एका बाजूला झुकतो. ओळखपत्रावरचा फोटो सगळ्यात निःपक्षपाती मानला जाई. तो कुणाचाही असो, त्यात माणूस नुकताच पकडून आणल्यासारखाच दिसतो, हा पुरातत्त्वाचा अनुभव होता.

घरी पुरातत्त्व, त्याची बायको आणि बायकोचा भाऊ अशी तीन माणसं. मेहुण्याने लग्न केलं नव्हतं. तो एका चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा, आणि त्या कामाने त्याची दृष्टीच बदलून गेली होती. समोरच्या इमारतीतल्या वकिलांना तो 'उणे चार' म्हणायचा, वरच्या मजल्यावरच्या मावशींना 'मोतीबिंदू, डावा'. ज्यांना चष्मा परवडत नसे त्यांच्यासाठी जुन्या फ्रेमा दुरुस्त करून, त्यांत नवी भिंगं बसवून तो फुकट देऊन टाकायचा. स्वतःला मात्र अलीकडे जवळचं दिसेनासं झालं होतं, त्याची त्याला लाज वाटे, म्हणून आपला चष्मा तो खिशात लपवून ठेवायचा. पुरातत्त्वाचं सख्ख्या भावाशी कधी पटलं नव्हतं, पण मेहुणा पानावर नसला तर त्याला घास गोड लागत नसे. आपल्या कामाचं खरं कौतुकही त्याला या एका माणसाकडूनच मिळे.

"भाऊजी, तुमची चौकट वाचली की बरं वाटतं बघा," मेहुणा पेपर घडी करून ठेवताना म्हणायचा. "माणूस अगदीच उगाच मेला नाही, एवढं तरी कळतं."

त्या दुपारी प्रसिद्धिपत्रक नेहमीच्याच भाषेत आलं. बाजाराच्या चौकात एका संशयित इसमास हटकले असता त्याने खिशातून धातूसदृश वस्तू बाहेर काढली. अधिकाऱ्याने स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली. इसम जागीच मरण पावला. नातेवाइकांचा शोध चालू असल्याने नाव देता येत नव्हतं, पण इसम एका चष्म्याच्या दुकानात कामाला होता, एवढं कळलं होतं. त्या बाजारात चष्म्याची दुकानं हारीने होती. पुरातत्त्वाने बाह्या सरसावल्या. नाव नसताना पार्श्वभूमी लिहिण्यात तर त्याचा हातखंडा होता, कारण नावाला नातेवाईक असतात आणि ते मध्ये येतात.

'काच कापण्याची यंत्रे, घातक रसायने आणि', इथवर लिहून तो अडला. भिंगं घासायला नेमकं काय वापरतात ते त्याला ठाऊक नव्हतं. चूक छापून जायला नको, या बाबतीत तो काटेकोर होता. घरातच तज्ज्ञ असताना कशाला अडायचं, म्हणून त्याने मेहुण्याला फोन लावला.

फोन उचलला गेला, पण आवाज भलताच होता. कोण बोलतंय, असं त्या आवाजाने विचारलं. पुरातत्त्वाने आपलं नातं सांगितलं.

"बरं झालं तुम्हीच फोन केलात," पलीकडचा पोलीस शिपाई म्हणाला. त्याच्या बोलण्यात खरोखरच सुटकेचा सूर होता. "घरचं कुणी सापडत नव्हतं. पेपरवाल्यांना नाव द्यायचं आमचं केव्हापासून अडलंय."

समोर पडद्यावर अर्धवट वाक्य उभं होतं. त्याने ते पुसलं नाही, पूर्णही केलं नाही, तसंच टाकून तो बाजाराकडे धावला.

काय झालं ते दुकानाच्या मालकाने सांगितलं. तो दारातच उभा होता, त्यामुळे त्याने सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. पोलीस कुणाला तरी शोधत होते. अधिकाऱ्याने मोबाइलवरचा एक फोटो मेहुण्यापुढे धरला आणि दरडावलं, हा तूच ना. मेहुणा म्हणाला, थांबा हं, चष्मा काढतो. त्याने खिशात हात घातला. बस, एवढंच झालं होतं.

मेहुण्याला घरी आणून, त्याला निरोप देऊन झाल्यावर बायको नवऱ्यासमोर येऊन बसली.

"अहो, तुम्ही लिहा त्याच्याबद्दल," ती म्हणाली. "तो चष्मा काढत होता, एवढं तरी छापून यायला हवं. दुसऱ्या कुणाच्या हातात गेलं तर त्याचं वाटोळं करतील."

पुरातत्त्वाने मान हलवली. दुसरं कोण, मीच तर, हे त्याच्या जिभेवर आलं होतं. आजवर कुणाच्या तरी घरात असंच कुणीतरी असंच म्हणालं असणार, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा सुचलं.

संपादकांनी त्याला आत बोलावून घेतलं, पाणी दिलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दैनिक तुमच्या पाठीशी आहे, असंही ते म्हणाले. पुरातत्त्वाने विनंती केली की या वेळी चौकट नको. संपादकांना मनापासून वाईट वाटलं. पण आपल्या माणसाचा नातेवाईक म्हणून पार्श्वभूमी गाळली, असं उद्या कुणी म्हणालं तर दैनिकाच्या निःपक्षपातीपणाचं काय, असा त्यांचा प्रश्न होता. शिवाय या खेपेला माहितीचा असा झरा घरातच होता, की जो इतर कुठल्याही वृत्तपत्राकडे नव्हता. देवाने दिलेली संधी, असं ते म्हणाले, आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

"त्याला काही पार्श्वभूमीच नाही, साहेब," पुरातत्त्व म्हणाला.

"असं तुम्ही म्हणता?" संपादकांनी आश्चर्याने त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही?"

मग चष्म्याचा विषय निघाला. तो चष्मा काढत होता हे एक वाक्य छापा, पुरातत्त्वाचं मागणं एवढंच होतं. संपादकांनी प्रसिद्धिपत्रक पुन्हा वाचून पाहिलं. पोलीस धातूसदृश वस्तू म्हणत होते. चष्म्याची काडी धातूची होती, तेव्हा पोलीस खोटं बोलत होते असं म्हणता येत नव्हतं. उलट साक्षीदार पडला दुकानाचा मालक, म्हणजे त्याचे हितसंबंध आले. वस्तू प्रयोगशाळेत पाठवली होती आणि ती चष्मा आहे की नाही याचा अहवाल यायचा होता. तोपर्यंत एका बाजूला उभं राहणं बरं दिसणार नाही, म्हणून बऱ्याच विचारानंतर त्यांनी 'कथित चष्मा' या शब्दांना परवानगी दिली. यापेक्षा जास्त मी स्वतःच्या वडिलांसाठीही केलं नसतं, असं ते म्हणाले, आणि ते खरं असावं.

नातं असल्यामुळे चौकट पुरातत्त्वाने स्वतः लिहू नये, माहिती तेवढी लिहून द्यावी, असं ठरलं. चौकट बांधायचं काम त्याच्या हाताखाली तयार झालेल्या मुलीकडे गेलं. तिला कचेरीत त्याची शिष्या म्हणत. पुरातत्त्वाने घरी येऊन मेहुण्याच्या खोलीत बैठक मारली. लिहायला घेतलं, तर हात भलतीकडेच वळू लागला. कपाटात दुर्बीण दिसली, आणि मनात आपोआप वाक्य उमटलं, 'मृत परिसरावर नजर ठेवून असे.' पाण्याच्या बिलावरून पाठवलेल्या तक्रारीची प्रत दिसली, तर 'यंत्रणेशी जुना वाद' समोर तयार. त्याला स्वतःचीच किळस आली. बायको दारात उभी होती, तिला बघून त्याने दुर्बीण कपाटात टाकली आणि कपाट लावून घेतलं. मग त्याने जे खरं तेच लिहिलं: बहिणीवर त्याचा किती जीव होता, गरिबांना तो चष्मे कसे देत असे, वाटेत भेटणाऱ्या ओळखीच्या-बिनओळखीच्या प्रत्येकाशी कसा थांबून बोलत असे. आयुष्यात इतकं सरळ त्याने कधी लिहिलं नव्हतं, आणि लिहिताना त्याच्या डोळ्यांना धार लागली होती.

तो कागद हातात घेताना शिष्येलाही रडू फुटलं. मेहुण्याने तिच्या आईला चष्मा करून दिला होता. ती सगळा वेळ रडत रडत काम करत होती, पण काम चोख करत होती.

सकाळी चौकट आली. ओळखपत्रावरचा फोटो होताच. मृत अविवाहित असून त्यास स्वतःचं घर नव्हतं. अनोळखी व्यक्तींना तो विनामोबदला वस्तू वाटत असे. त्यामागचा हेतू समजू शकलेला नाही. समाजाच्या सर्व थरांत त्याचे संपर्क होते व रस्त्यात थांबून तो कुणाशीही बोलत असे. घटनेच्या वेळी त्याच्याकडे एक कथित चष्मा होता. माहितीचा स्रोतही प्रामाणिकपणे दिला होता: कुटुंबातील अत्यंत जवळच्या सूत्रांनुसार.

बायकोने ते शेवटपर्यंत वाचलं. मग पेपर टेबलावर ठेवून तिने विचारलं, हे सगळं तुम्हीच सांगितलंत ना. पुरातत्त्व हो म्हणाला. खोटं एकही अक्षर नव्हतं, त्यामुळे त्याला नाही म्हणता येईना.

भेटायला येणारे आता चौकट वाचून येऊ लागले. त्यांच्या बसण्यातच फरक पडला होता. आधी पाठ टेकून बसायचे, आता खुर्चीच्या कडेवर. वरच्या मावशींनी बायकोचा हात हातात घेतला आणि फार गोड बोलायचा हो, आम्हाला तेव्हाच जरा वाटायचं, असं हळूच सांगितलं. त्यांच्या डोळ्यांवर त्यानेच करून दिलेला चष्मा होता. रविवारच्या पुरवणीत गोळी झाडणाऱ्या अधिकाऱ्यावर पानभर लेख आला. त्यात तो मुलीला सायकल शिकवतानाचा रंगीत फोटो होता, आणि त्या दिवसापासून त्याला जेवण जात नाही, असं त्याच्या आईचं म्हणणं होतं. लेख हृदयस्पर्शी होता. चौकशी चालू असल्यामुळे प्रसंगाविषयी त्यात काही नव्हतं.

पुरातत्त्वाने खुलासा छापण्याची मागणी केली. खुलाशाचाही नियम होता: ज्याच्याविषयी मजकूर आहे, त्या व्यक्तीने स्वतः कचेरीत येऊन मागणी करायची. हा नियम त्यानेच एकदा एका मृताच्या भावाला जिन्यात गाठून समजावला होता. तो भाऊ जिना उतरून गेला होता.

शेवटी जाहिरात विभाग राहिला. मृत्यूची सूचना पैसे भरून देता येते, आणि पैसे भरलेला मजकूर कुणी वाचून पाहत नाही, त्यामुळे त्यात खरं छापायला दैनिकाची हरकत नसते. नवरा-बायकोने मिळून मजकूर केला. 'त्याने काहीही केलं नव्हतं. त्याला फोटो बघायला सांगितला, म्हणून तो चष्मा काढत होता.' खाली घरचा फोन नंबर दिला, कारण सूचनेला नंबर लागतो. मजकूर करता करता बायको भावाच्या आठवणी सांगत राहिली. त्यातली एक सांगताना ती कित्येक दिवसांनी हसली. लहानपणी हिला फळ्यावरचं वाचता यायचं नाही आणि घरचे हिला मठ्ठ समजायचे. भावाने शाळेतून खडू पळवून आणला, घराच्या भिंतीवर मोठ्यापासून बारीक होत जाणारी अक्षरं काढली, हिला समोरच्या भिंतीला टेकून उभं केलं आणि एकेक ओळ वाचायला लावली. तेव्हा कुठे कळलं की पोर मठ्ठ नाही, तिला लांबचं दिसत नाही. त्याबद्दल त्याने मारही खाल्ला, भिंत खराब केली म्हणून. पुरातत्त्वाने हे कधी ऐकलं नव्हतं. हे घालायचं का, असं त्याने विचारलं. नको, हे आपल्यापाशी राहू दे, असं ती म्हणाली.

सूचना छापून आली. एवढ्याशा दोन ओळी होत्या, पण शहराने त्या वाचल्या, आणि घरचा फोन खणखणू लागला. सुरुवातीला लोक हळहळले. मग मात्र एकच प्रश्न येऊ लागला, निरनिराळ्या आवाजांत, आधी आडून आडून आणि मग सरळ. एक आजोबा तर फोन सोडेनातच. दैनिकाचे ते पहिल्या अंकापासूनचे वाचक होते.

"वाईट झालं हो," ते म्हणाले. "पण आधीचं काहीतरी असेल ना?"

"नव्हतं."

"पेपरात आलं होतं, अनोळखी लोकांना वस्तू द्यायचा म्हणून."

"चष्मे द्यायचा. ज्यांना परवडत नव्हते, त्यांना."

"म्हणजे काहीच नाही?"

"काहीच नाही."

"असं कसं चालेल," आजोबांचा आवाज एकदम लहान झाला. "मीसुद्धा चष्मा खिशातच ठेवतो. रोज त्याच चौकातून फिरायला जातो. जरा आठवून बघा ना. लहानपणीचं असलं तरी चालेल."

ज्याच्यासाठी आयुष्यभर चौकटी भरल्या, तो वाचक आज पहिल्यांदाच पुरातत्त्वाशी बोलत होता. तो दुष्ट नव्हता, त्याला फक्त भीती वाटत होती, आणि ती भीती घालवणं हे तर पुरातत्त्वाचं काम होतं. बायको समोरच बसली होती. तिच्या डोळ्यांत पाहायला नको, म्हणून त्याने खाली पाहिलं.

"शाळेतून खडू चोरला होता," तो म्हणाला.

"सरकारी शाळा होती का?"

"सरकारी."

"बघा," आजोबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज पुन्हा भरदार झाला. "मला वाटलंच होतं. उपकार झाले तुमचे." त्यांनी फोन ठेवला.

बायकोने डोळ्यांवरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तेवढंही ठेवलं नाहीत," ती म्हणाली, आणि उठून भावाच्या खोलीत गेली. तिने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी, आजोबांनी कळवल्यावरून, दैनिकाने वाचकांच्या समाधानासाठी छोटा खुलासा छापला. या कामी नियम आड आला नाही. मृताने बालपणीच सरकारी मालमत्तेवर हात टाकला होता, ही बाब कुटुंबीयांनी मान्य केली आहे, आणि त्याला काहीच पार्श्वभूमी नव्हती असा जाहिरातीमुळे वाचकांचा समज झाला असल्यास दैनिक दिलगीर आहे, असा तो खुलासा होता. त्यानंतर पुरातत्त्वाच्या घरी कुणाचा फोन आला नाही. शहर निर्धास्त होऊन कामाला लागलं, आणि आजोबा चौकातून फिरून आले.

आता तुम्ही. हे सगळं वाचत इथवर आलात, हळहळलात, मधेच दैनिकाला दोन शिव्याही घातल्या असतील. पण खडूचं कळलं तेव्हा, अगदी निमिषभर का होईना, तुम्हालाही जरा बरं वाटलं. लाजू नका, तेवढा आधार माणसाला लागतो. तुम्हालाही रोज कुठल्यातरी चौकातून जायचं असतं. फक्त आज घरी गेल्यावर निवांत बसा आणि लहानपणी आपण काय चोरलं होतं ते नीट आठवा. आठवलं की घरच्यांना सांगून ठेवा. लोकांचे फोन येऊ लागतील, तेव्हा त्यांना ऐनवेळी शोधाशोध करावी लागू नये.